कार्ड बसणार नाही, भावोजी

३ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझे फोन आले तेव्हा मी घरातच होतो, उचलले नाहीत. तुझी ताई गेल्यापासून फोनवर बोलणे सुचत नाही, लिहिणे जमते. राग मानू नकोस.

एक घोळ करून ठेवला आहे. ताई ज्या खेळात गाव वसवत होती, तो काल तिच्या संगणकावर उघडायला गेलो. एकदा ते गाव बघावे, एवढेच मनात होते. पडद्यावर सूचना आली, नवीन आवृत्ती घ्यावी का. उभी नोकरी आवक-जावक टेबलावर काढलेला माणूस सूचनेला पोच दिल्याशिवाय राहत नाही. मी ‘हो’ दाबले. सगळे आटोपल्यावर खेळ म्हणाला, तुमचे ग्राफिक्स कार्ड जुने आहे, चालणार नाही. म्हणजे माझीच परवानगी घेऊन त्याने मला बाहेर काढले. आता मागेही जाता येत नाही.

तुम्ही दोघी आपापल्या घरून त्याच गावात खेळायचात. तुला यातले कळते. कोणते कार्ड घ्यावे ते कळव.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
भावोजी

११ जुलै

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर बघून बरं वाटलं, मजकूर वाचून काळजी वाटली. तो संगणक फार जुना आहे. नवीन कार्ड वीज जास्त खातं, तेवढी त्याला मिळायची नाही. विजेची सोय केली तर डबा लहान पडेल. डबा बदलला की मदरबोर्ड रुसेल. एका कार्डापायी अख्खा संगणक जाईल आणि गाव दिसेलच याची खात्री नाही. ताई म्हणायचीच, तुम्ही कपाटाचा स्क्रू पिळायला बसलात की दार हातात येतं.

त्यापेक्षा राहू द्या. माझ्याकडे ताईनं पाठवलेले गावाचे फोटो आहेत, ते छापून सोबत पाठवते आहे. आणि जेवता ना वेळेवर? उभ्याउभ्या खाल्लेलं मोजू नका.

माया असू द्या.
तुमची धाकटी

१९ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

फोटो मिळाले. बाजार सुरेख आहे. प्रत्येक फोटोत मागे धुके का, ते कळेना.

तुझे पत्र घेऊन संगणकवाल्याकडे गेलो. त्याने वाचले आणि विचारले, या बाईंचे संगणकाचे दुकान आहे का, कारण त्या तुम्हाला नवीन संगणक घ्यायला लावणार असे दिसते. त्याचे म्हणणे, सर्वांत नवीन कार्डाची गरजच नाही. त्याच्याकडे मधल्या पिढीतले एक लहान, वापरलेले कार्ड आहे, ते नव्या खेळालाही चालते आणि जुन्या संगणकालाही. वेगळी वायर लागत नाही, डब्यातही सहज मावते. धुक्याचाही उलगडा झाला. जुन्या कार्डावर भार नको म्हणून ताईने लांबचे दृश्य बंद ठेवले होते, त्यामुळे डोंगरापाशी सगळे पुसट होई. आता पार पलीकडपर्यंत दिसेल. पुढच्या शुक्रवारी बसवतो आहे. तुला आनंद होईल म्हणून लगेच कळवले.

जेवतो. बसून.
भावोजी

२४ जुलै

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. वापरलेली कार्डं तापतात. घरात एकटे असताना संगणक पेटला म्हणजे? निदान लांबचं दृश्य बंदच ठेवायला सांगा.

आणि बसवलंच असेल, तर गावातच फिरा. बाजार आहे, तळं आहे, तुमच्या नावाची बाग आहे. डोंगरापलीकडे काही नाही. खरंच काही नाही. आम्ही दोघी वेडेपणा करायचो, त्याचा अर्थ लावत बसायचं नसतं.

रागावणार नाही असं कळवा, म्हणजे मला झोप लागेल.
तुमची धाकटी

२ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. आ.

कार्ड बसले. तापत नाही. गाव दिसले. तुझे पत्र आले नसते तर मी बाजारातच समाधानाने बसलो असतो. पण तू डोंगराचा असा काही विषय काढलास की जाणे भाग पडले.

पलीकडे एक कचेरी आहे. टेबलामागे माझ्यासारखाच चष्मेवाला लाकडी माणूस, छपराखालीसुद्धा हातात छत्री. पुढे बकऱ्यांची रांग. दारावर पाटी : ‘साहेब कामात आहेत. घरीसुद्धा.’ अक्षर खेळाचे, वाक्य ताईचे. समोर दोन खुर्च्या.

तर एवढे मला दिसू नये म्हणून तू वीज, डबा, मदरबोर्ड सगळ्यांना राबवलेस. पाटी लागली, नाही म्हणण्यात अर्थ नाही. आणि ती चूकही नाही. मग त्या खुर्च्यांकडे लक्ष गेले. मी कामावर असताना ताई दुपार कशी काढत असेल, याचा घोर मला कायम होता. विचारले कधीच नाही. ती तर तुझ्या शेजारी बसून मला हसत होती. फार बरे वाटले.

रागावलेलो नाही, झोप. संगणकवाल्याने तुझ्यासाठी जोडणीही चालू करून दिली आहे. रविवारी दुपारी गावात ये. मला अजून नीट चालता येत नाही. परतताना विहिरीत पडलो आणि संगणक बंद करून उठलो, म्हणजे मी अजून आतच असणार. आधी मला वर काढ, मग दोन्ही खुर्च्या आहेतच.

चिडवण्यात खंड नसावा.
भावोजी