एकाच रंगाच्या तीन गिटारी

तीर्थरूप मावशीस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. डाव्या हाताच्या बोटांची सालं निघाली आहेत, तेव्हा नमस्कार जरा सैल जोडला आहे असं समज आणि गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर तू म्हणालीस की जिना चढताना तो दुखतो आणि उतरताना वाजतो. दुखण्यापेक्षा वाजणं बरं, असं मी तेव्हा म्हणाले होते. आता ते शब्द मागे घेते. काकांचा खोकला बसला असेल अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक, म्हणजे कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही एवढ्याच अर्थाने ठीक. मी थकले आहे, पण ती काही बातमी नव्हे.

त्याच फोनवर तू विचारलंस की मागून घरघर कसली येते, आणि मी मिक्सर म्हणून वेळ मारून नेली. तो मिक्सर नव्हता, मावशी. ती मी होते. मी इलेक्ट्रिक गिटार वाजवत होते, म्हणजे निदान तिच्याशी झटापट करत होते.

आता या वयात हे खूळ कुठून शिरलं असं तू म्हणशील. माझी नोकरी तुला ठाऊक आहेच. कानाच्या दवाखान्यात दिवसभर काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून एकेक बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. अर्धी माणसं ऐकू आलं तरी दाबत नाहीत (चुकलं तर काय, म्हणून) आणि उरलेली ऐकू न येताच दाबत सुटतात (मला बरं वाटावं, म्हणून). घरी आले की काम तेच, फक्त समोरच्याच्या हातात बटण नसतं. आमच्या ह्यांचे कान उत्तम आहेत, मी स्वतः तपासले आहेत. तरी ‘जेवायला चला’ हे वाक्य तीन वेळा फेकल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा आयुष्यात एकदा तरी असा आवाज करावा, की तो ऐकू आला का हे कोणाला विचारावंच लागू नये, एवढीच माझी इच्छा होती. त्यातून फोनवरच्या व्हिडिओंत एक टोपीवाला गवसला. तो टोपी घालून गिटार शिकवतो आणि दर दोन मिनिटांनी सांगतो की हल्ली स्वस्तातल्या गिटारीसुद्धा महागड्यांच्या तोडीस तोड असतात. थकलेल्या माणसाला कोणी टोपी घालायला आला की तो डोकं आपणहून पुढे करतो. मी केलं.

खोकं आलं तेव्हा मी दवाखान्यात होते. ह्यांनी ते इस्त्रीचं टेबल समजून मोठ्या आनंदाने उतरवून घेतलं (पलंगावर वाकून इस्त्री करून ह्यांची कंबर धरते, म्हणून टेबल घेऊ या, असं ते कधीपासून म्हणत होते). मी घरी पोचले तर खोकं उघडून समोर बसले होते. गिटार, खांद्याचा पट्टा, वायर, आणि अँप म्हणून जी आवाज मोठा करणारी पेटी असते ती, पोळीच्या डब्याएवढी. बराच वेळ सगळ्याकडे पाहून त्यांनी एवढंच विचारलं, “याचे पाय कुठे आहेत?”

पाय नव्हते, तसं बरंच काही नव्हतं. तारा मानेपासून, म्हणजे गिटारीच्या लांब दांडीपासून, इतक्या उंच की खालून मांजर वाकल्याशिवाय गेलं असतं. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर आलेली, हात सरकवला की ओरखडा. सूर लावावा आणि पाणी पिऊन यावं, तेवढ्यात तो उतरलेला. टोपीवाल्याला यात काहीच विशेष वाटलं नाही. स्वस्तातल्या गिटारीला थोडी मायेने हाताळावी लागते, म्हणाला. मानेच्या आत एक सळई असते, तिचा स्क्रू किल्लीने किंचित फिरवला की मान सरळ होते आणि तारा खाली बसतात. मी किंचित फिरवला. काही झालं नाही. आणखी किंचित फिरवला. मग आतून ‘कट्’ असा आवाज आला, जो आमच्या दवाखान्यातल्या अगदी ठार बहिऱ्या पेशंटलाही ऐकू आला असता.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण नेमकी माझी दाढ दुखायला लागली. दातांचे डॉक्टर दाढ कोरता कोरता गप्पा मारतात (आपल्याला उत्तर देता येत नाही, हा त्यांच्या गप्पांचा पाया). मनावरचा ताण जावा म्हणून त्यांनी एक इलेक्ट्रिक गिटार घेतली होती, तिच्यामुळे ताण वाढला, आता काढून टाकायची आहे, काळी आहे, घेता का? माझ्या तोंडात तेव्हा त्यांची दोन हत्यारं आणि कापूस होता. मी ‘आँ’ म्हणाले. दुखत होतं म्हणून म्हणाले. त्यांनी तो होकार धरला, आणि दाढ अर्धवट कोरलेली असताना माणूस वाद घालत नाही. अशी दुसरी गिटार आली. पहिलीही काळीच होती, त्यामुळे ह्यांच्या लक्षात आलं नाही. एकदा फक्त म्हणाले की ही धुतलीस का, जरा चकचकीत दिसते. मी हो म्हणाले.

दुसरी वाजवली नाही तरी गुणगुणायची. हात लावला की गप्प, काढला की पुन्हा सुरू, एखाद्या लाडावलेल्या पोरासारखी. आता काय लपवायचं, तिसरीही घेतली. तीही काळी. तारा मऊ, मान सरळ, सूर टिकणारी. टोपीवाला खोटं बोलत नव्हता, फक्त खरं किती वेळा विकत घ्यावं लागतं ते त्याने सांगितलं नव्हतं. उरलेल्या दोन मी कपाटामागे उभ्या केल्या आणि पुढे जास्तीच्या गाद्या लावून टाकल्या.

हे सगळं झालं आणि मी काय वाजवायला शिकले? सगळ्यात जाड तारेवरची एक चाल. ढँव ढँव ढढँव. दवाखान्यातून आल्यावर चहा व्हायच्या आधी तेवढीच. हे आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेत.

आता सासरेबुवांचं सांगते, कारण पत्र खरं त्यांच्याविषयीच आहे. त्यांनी हयातभर बस चालवली. इंजिनाशेजारी बसून कान गेले. त्यांना कानाचं मशीन मीच बसवून दिलं होतं, तेव्हा सासूबाई होत्या. त्या गेल्यावर त्यांनी मशीन काढून टेबलाच्या खणात टाकलं आणि मला सांगितलं की आता ऐकण्यासारखं बोलणारं कोणी उरलं नाही. (मी समोर उभी होते. असो.) त्यानंतर पाणी, औषध, दिवा लाव, दिवा घालव, एवढंच बोलणं. ह्यांच्याशी तर तेवढंही नाही. बाप बाहेरच्या खोलीत, मुलगा आतल्या, आणि मध्ये मी, दोन्हीकडे ताटं पोचवणारी.

एका संध्याकाळी मी ढँव ढँव करत असताना सासरेबुवा उठले, खुर्ची ओढत माझ्याशेजारी आणली आणि अँपवर हात ठेवून बसले. मला वाटलं आधार घेतला. मी थांबले तर त्यांनी वर पाहिलं. पुन्हा वाजवलं तर मान हलवली. अँप थरथरत होता, आणि तो थरथराट त्यांच्या तळहातातून वर चढत होता. जरा वेळाने म्हणाले, “गाडी चांगली आहे. पण पहिल्या गिअरमध्ये किती वेळ चालवणार?”

एवढं सलग वाक्य त्यांच्या तोंडून कितीतरी महिन्यांत आलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याच वेळी रागही आला, कारण दुसरा गिअर मला येत नव्हता.

त्या दिवसापासून मावशी, माझा छंद संपला आणि ड्यूटी सुरू झाली. मी चपला काढते तेव्हा खुर्ची अँपशेजारी लागलेली असते. डोकं दुखत असो, पेशंटांनी पिट्टा पाडलेला असो, गाडी वेळेवर सुटली पाहिजे. एकदा नुसती पडून राहिले तर सासरेबुवांनी खोलीच्या दारात येऊन मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दिवसभर बहिऱ्यांना आवाज ऐकवायचे आणि घरी येऊन पुन्हा एका बहिऱ्याला. बरं, याचा पगारही नाही. शेवटी मी ठरवलं, तिन्ही गिटारी काढून टाकायच्या आणि संध्याकाळी माणसासारखं आडवं व्हायचं.

जाहिरात दिली. एका शाळेतले चित्रकलेचे शिक्षक आले. ह्यांना केस कापायला जायचं होतं, म्हणून तीच वेळ दिली होती. पण न्हाव्याकडे गर्दी नव्हती (माझ्या नशिबी गर्दीसुद्धा वेळेवर होत नाही). मी तिन्ही गिटारी पलंगावर मांडलेल्या, शिक्षक एक गळ्यात अडकवून उभे, आणि त्यांनी विचारलं की यातली नक्की कुठली विकायची आहे. दारातून आवाज आला, “यातली म्हणजे?”

मी काही सांगायच्या आत सासरेबुवा उठले. परका माणूस अँपची वायर हातात घेऊन उभा, एवढं त्यांना पुरलं. त्यांनी शिक्षकांना मोठ्याने सांगितलं, “ही गाडी विकायची नाही.” हे चिडलेलेच होते. म्हणाले, बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही मध्ये पडू नका. सासरेबुवांनी विचारलं, काय म्हणालास? हे पुन्हा म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. मग ते तरातरा बाहेरच्या खोलीत गेले, खण ओढल्याचा आवाज झाला, आणि कानात मशीन घालत परत आले. “हां. बोल आता.”

आणि मग जे भांडण झालं त्यात गिटार कुठेच नव्हती. सासूबाईंचा पलंग ह्यांनी सासरेबुवांना न विचारता देऊन टाकला होता, ते इतके दिवस आत साठून होतं. सासरेबुवा म्हणाले, तो पलंग माझा होता, तिच्या आधी मी त्यावर झोपायचो, कोणाला विचारून दिलास? हे म्हणाले, “तुम्ही दिवसचे दिवस त्या रिकाम्या पलंगाकडे बघत बसायचात. मला बघवत नव्हतं.” त्यावर सासरेबुवा कानातलं मशीन चाचपत राहिले. चित्रकलेचे शिक्षक गिटार गळ्यात तशीच घेऊन भिंतीकडे बघत राहिले. ती शांतता इतकी वाढली की मला दुसरं काही सुचेना. मी तिसरी गिटार उचलली आणि वाजवली. ढँव ढँव ढढँव.

सासरेबुवांनी पहिल्यांदाच ती कानाने ऐकली. शेवटपर्यंत ऐकली, हे मान्य केलं पाहिजे. मग म्हणाले, “हे असं वाजतं होय?” आणि मशीन काढून खिशात ठेवलं, खुर्चीवर बसले, अँपवर हात ठेवला आणि मला खूण केली, की आता वाजव.

हे इतके हसले की भिंतीला धरून खाली बसले. मी त्यांना सासूबाईंनंतर हसताना पाहिलं नव्हतं. नव्याने कापलेल्या केसांत ते कोणीतरी दुसरेच दिसत होते.

शिक्षक सळई तुटलेली गिटार घेऊन गेले, वर्गात चित्र काढायला समोर ठेवण्यासाठी. सासरेबुवा आता जेवताना मशीन घालतात आणि बापलेक रोज भांडतात: मीठ, पंखा, बातम्या, पलंग. माझ्या वाजवण्याच्या वेळी ते काढून ठेवतात. ऐकण्यासारखं बोलणारं कोणीतरी मिळालं म्हणायचं. बाकी नवीन गिटार मी घेणार नाही, हे तू काकांनाही ठामपणे सांग.

तुझी,
दमलेली भाची

ता. क. तुमच्या खालच्या मजल्यावरचे बँडवाले घर बदलत आहेत असं कळलं. त्यांचा मोठा अँप, तो गुडघ्याएवढा, ते विकतात का विचारशील? माझ्यासाठी नको. सासरेबुवा म्हणतात आमच्या पेटीला चढावर दम लागतो.

ता. क. २ अँप बघायला बापलेक दोघेच येतील. मी येणार नाही. वाटेत भांडून भुकेले पोचतील, तेव्हा आधी जेवायला घाल.

ता. क. ३ त्यांना लगेच परत पाठवू नकोस. गुडघ्याचं निमित्त कर, काकांच्या खोकल्याचं कर, वाटेल ते कर, पण दोन दिवस ठेवून घे. मला झोपायचं आहे. अँप आधीच विकला गेला असेल तरी हरकत नाही, फक्त ते इथून निघेपर्यंत त्यांना सांगू नकोस.