माझ्या लिव्हरचा निकाल

ती. आई,

वाकून नमस्कार. आधी खाली बस, बातमी चांगली आहे.

माझ्या लिव्हरची सूज वाढलेली नाही. आणि ती दारूने आलेलीच नव्हती! इथे माझ्यावर नव्या औषधाचं संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. फुप्फुसांना सांभाळणारा एक पदार्थ लिव्हरमध्ये तयार होतो, माझा तिथेच अडकून बसतो. म्हणून लिव्हर बिघडलं आणि दमही लागायला लागला. दोष जन्मापासूनचा आहे. इतकी वर्षं तू दारात माझं तोंड हुंगलंस, ते सगळं फुकट गेलं.

हा दोष निम्मा तुझ्याकडून आणि निम्मा बाबांकडून आलाय. तेव्हा 'हे तुमच्याच घराण्यातलं' हे तुमचं भांडण बरोबरीत सुटलं.

रोज नळीत फुंकावं लागतं. नर्स 'अजून, अजून थोडं' म्हणत राहते, अगदी तू जेवायला वाढतेस तशी. जिना मात्र आता न थांबता चढतो.

धाकटीला दम लागतो, असं तू मागे सहज लिहिलं होतंस. अजून लागतो का? तिचं रक्त याच आठवड्यात तपासून घे. घाबरू नकोस, लवकर कळलेलं बरं.

मी आलो की दारात हुंगायला मात्र विसरू नकोस. त्याशिवाय घरी आल्यासारखं वाटायचं नाही.

तुझा, कधीच न प्यायलेला,
थोरला