तिसरा गरजू पाहिजे

४ ऑगस्ट १९९६, रविवार

चर्चमध्ये उपासनेनंतर उमाकांत पाळकांनी सगळ्यांसमोर माझं नाव जाहीर केलं. आमच्या मराठी मंडळीची नवी सेवा समिती, अध्यक्ष विश्वासराव शिंगारे. मला बाजूला घेऊन म्हणाले, तुमच्या स्मिताबाई गेल्यापासून तुम्ही घरातच असता, जरा बाहेर पडा. म्हटलं, मला घरात काही होत नाही. पण आमच्या बनशंकरी भागातल्या लोकांना माझ्या अनुभवाचा फायदा होणार असेल तर ना नाही. सरकारी कारखान्यात तीस वर्षं खरेदी खातं सांभाळलंय. त्यापुढे सेवा म्हणजे काय मोठंसं!

ठराव: नाताळच्या आत पूर्ण बनशंकरीची सेवा.

रात्री ब्रेड.

७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी शेजारच्या प्रेमाक्का आल्या. साखरेमुळे उजव्या डोळ्यात रक्त उतरतंय. डावा लहानपणापासूनच अधू. सरकारी दवाखान्यात बुधवारी लेझर करतात, चार-पाच खेपा होतील, वेळेत केलं तर डोळा वाचेल म्हणाले डॉक्टर. प्रश्न त्यांच्या नवऱ्याचा, रघुपतीरावांचा. अर्धांगवायूनंतर ते कॉटवरच असतात, आणि अनोळखी माणूस दिसला की घाबरून खाली उतरायला बघतात. मागे एक बाई ठेवली होती, तेव्हा पडलेच. तुम्हाला ओळखतात हो अण्णा, म्हणाल्या, स्वल्प दोन तास बसा, जास्ती नाही.

म्हटलं, अक्का, बुधवार माझा समितीचा असतो. सरी, बरं, म्हणाल्या आणि गेल्या.

बुधवार समितीचा हे मला तेव्हाच सुचलं. पण सुचलं ते बरंच झालं, वार ठरवायचाच होता.

११ ऑगस्ट, रविवार

पहिली सभा. उपेंद्र सचिव. पुण्याचा पोरगा, कोरमंगलात सॉफ्टवेअर कंपनीत. म्हणतो, अंकल, एक गरजू शोधू आणि सुरू करू. ही यांची घाई! मी नियम घालून दिला: तीन गरजू समोर ठेवायचे, तुलना करायची, मग त्यातला एक मंजूर. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी कारखान्यात टेबलफॅनसुद्धा घेतला नाही. उपेंद्रने विचारलं, सगळ्यात गरजू घ्यायचा की सगळ्यात स्वस्त? चावट आहे.

उदाहरण म्हणून प्रेमाक्कांचं सांगितलं, तर सगळे म्हणाले, मग झालं की, तुम्हीच बसा. समजावलं की अध्यक्षाच्या भिंतीला भिंत लागून राहणारा गरजू म्हणजे उघड उघड वशिला. लोक तोंडात शेण घालतील. शेवटी त्यांचं नाव पहिलं लिहिलं. आता आणखी दोन शोधायचे.

२१ ऑगस्ट, बुधवार

चिकपेटच्या बाजारात जाऊन बॅनर आणि बॅज करायला सांगितले. नऊलाच निघालो. प्रेमाक्का फाटकात उभ्या होत्या. हातात दवाखान्याची पिशवी. बॅनरची घाई आहे म्हणालो आणि समोर आलेल्या रिक्षात बसलो. रिक्षा जयनगरपर्यंतच जाणारी निघाली, तिथून दुसरी केली.

बॅजवाला पन्नासच्या खाली करेना. समितीत आम्ही सात जण. पन्नास घेतले. सेवा वाढणारच आहे.

१ सप्टेंबर, रविवार

पाळकांनी शेजारधर्मावर उपदेश केला. अख्खा वेळ माझ्याकडे बघत होते. समितीचं कौतुक असावं. बरं वाटलं. म्हणजे वाटायला हरकत नव्हती.

१० सप्टेंबर, मंगळवार

वृद्धाश्रम. रविवारचं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, सगळे रविवार नवीन वर्षापर्यंत भरलेत. दुसरी चर्चेस, दोन क्लब, एका बँकेचा स्टाफ. मंगळवारी या, पण केळी आणू नका, केळी फार होतात. आम्ही केळीच घेऊन गेलो होतो. चार गायनं म्हटली. तिसऱ्याला एका आजोबांनी विचारलं, अजून किती आहेत?

तिथे गरजू नाही. परत आणलेली केळी रात्री खाल्ली.

१५ सप्टेंबर, रविवार

वस्तीत सर्व्हे. बॅज बघून बायकांचा घोळका जमला, नळ कधी सोडणार म्हणून. म्हटलं, आम्ही कॉर्पोरेशनचे नव्हे, चर्चचे. घोळका पांगला. एक म्हातारी तेवढी थांबली. विचारलं, घरी कोण आहे, जेवलास का? मोडक्या कन्नडात सांगितलं, मी सर्व्हेला आलोय. तिने आत नेऊन चित्रान्न वाढलं. दोनदा घेतलं.

उपेंद्र म्हणाला, अंकल, ती दुसरी गरजू लिहू का? म्हटलं, तिला काही कमी दिसत नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

प्रेमाक्का पुन्हा. डोळ्यापुढे काळे धागे तरंगतात म्हणाल्या. धारवाडहून बहिणीला बोलावलं होतं, पण तिला पाहून रघुपतीराव दिवसभर ओरडले, तिला परत पाठवलं. अण्णा, तुमच्याशिवाय कुणी नाही हो. म्हटलं, तुमचं नाव यादीत पहिलं आहे, थोडा धीर धरा.

इथे खरं लिहायला हरकत नाही, हे कोण वाचणार आहे. मला आजाऱ्याच्या खोलीत बसायचं नाही. स्मिताच्या कॉटपाशी बसून झालंय. तो फिनेलचा वास, ती खुर्ची. ती गेली तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही, नुसतं बधिर झालं. अजून उतरलेलं नाही. परत त्या खुर्चीत कोण बसणार!

ठराव: या विषयावर विचार करायचा नाही.

संध्याकाळी बॅज मोजले.

२० ऑक्टोबर, रविवार

गरजू दोन: उपेंद्र राहतो त्या पीजीतला आचारी, हात मोडलाय. गरजू तीन: सायकल दुरुस्तीवाला, त्याला काय हवं ते नक्की कळलं नाही, पण तयार आहे. सभेत रीतसर तुलना झाली. प्रेमाक्का एकमताने मंजूर! वशिला नाही, घाई नाही, कुणी बोट दाखवू शकणार नाही. पाळक फक्त म्हणाले, विश्वासराव, आता जा.

२३ ऑक्टोबर, बुधवार

जाणार होतो. मंजुरीचं पत्र उपेंद्रच्या ऑफिसात टाइप व्हायचं राहिलंय. रिकाम्या हाताने कसं जाणार?

३० ऑक्टोबर, बुधवार

पत्र आलं. पाऊस.

६ नोव्हेंबर, बुधवार

बॅज लावून सकाळी शेजारी गेलो. प्रेमाक्कांनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यापलीकडे बघत विचारलं, कोण? म्हटलं, मी विश्वासराव. बसायला आलोय, तुम्ही दवाखान्यात जाऊन या. म्हणाल्या, आता नको अण्णा. शनिवारी गावाहून भाचा आला, तो टॅक्सीने घेऊन गेला, यांनाही गाडीत घालून. डॉक्टर म्हणाले, उजवा गेला, आता लेझरचा उपयोग नाही. अगदी साधं बोलल्या. चिडल्या असत्या तर मलाही काही बोलता आलं असतं.

पत्र खिशातच राहिलं. परत फिरावं की काय कळेना, म्हणून आत गेलो. रघुपतीरावांनी ओळखलं. अर्ध्या तोंडाने हसले आणि थोड्या वेळाने झोपले.

दोन तास बसलो. काही करावं लागलं नाही. त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. नुसतं बसायचं होतं.