पाचव्या डावातला शब्द

शनिवार, ७ फेब्रुवारी

बारा वर्षांच्या पोराला आज मैदानाबाहेर काढलं. मलाकाईला. आमच्याच सॉफ्टबॉल टीमचा पिचर, माझ्या मुलीचा, अनुष्काचा, जिवलग दोस्त.

नेमलेला अंपायर आलाच नाही. दोन्ही कोच माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, माझी मुलगी कॅचर आहे, बरं दिसणार नाही. समोरचा कोच म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, चारू. वी ट्रस्ट यू." म्हणजे इथल्या बोलीत 'काही हरकत नाही'. झालं. मास्क चढवून उभा राहिलो पोरीच्या पाठीमागे.

तिसऱ्या डावात अनुष्का बॅटिंग करत असताना त्यांच्या पिचरचा चेंडू तिच्या कोपरावर बसला. हातातून निसटलेला — स्पष्ट दिसत होतं. नियमाप्रमाणे तिला पहिला बेस दिला, विषय संपला. पाचव्यात तोच मुलगा बॅटिंगला आला आणि मलाकाईनं पहिलाच चेंडू त्याच्या बरगडीत घातला. पोरगं गुडघ्यांवर बसलं. त्याला श्वास घेता येईना.

चुकून लागला तर बेस द्यायचा. मुद्दाम मारला अशी अंपायरची खात्री झाली, तर पिचर बाहेर, पुढच्या सामन्यालाही बंदी. खात्री एकट्यानं करायची, तिथल्या तिथे. मी केली. मलाकाईनं टोपी काढली आणि चालू लागला.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळीच मलाकाईची आई दारात. "चारू, माझ्या मुलाचा चेंडू कुठेही जातो, हे आपल्या अख्ख्या मनुरेवा उपनगराला माहीत आहे. त्यानं मुद्दाम मारला हे तुला कसं कळलं?" मी चहा विचारला. नको म्हणाली.

कसं कळलं ते इथे तरी लिहितो. माझी आई ऑक्टोबरपासून आमच्याकडे आहे. नातीला मराठी समजतं पण ती उत्तर इंग्रजीतच देते, म्हणून आईनं युक्ती काढली — "तुमच्या त्या खेळात मराठी घाला, समोरच्यांना ओ की ठो कळायचं नाही." वर, खाली, आत, बाहेर. मलाकाईनं दोन दिवसांत पाठ केले. अनुष्का सांगते, तो टाकतो, समोरचे बघत बसतात. आम्हाला केवढं कौतुक! पाचवा शब्द आईनं टीव्हीवर क्रिकेट बघता बघता शिकवला: अंगावर.

काल मलाकाईनं हात उचलायच्या आधी अनुष्का म्हणाली, "अंगावर." आई लांब झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. तो शब्द ऐकला आणि कळला असे मैदानात तिघेच. ती, तो आणि मी.

सोमवार, ९ फेब्रुवारी

स्पर्धेच्या समितीचा मेल. बुधवारपर्यंत लेखी अहवाल — 'चेंडू हेतुपुरस्सर होता हे कशावरून ठरवलंत?' कारण पटलं नाही तर बंदी उठेल. पटलं तर मलाकाई येत्या शनिवारी खेळणार नाही, आणि ऑकलंडच्या संघाची निवड करणारे त्याच दिवशी येणार आहेत.

तो शब्द लिहिला तर दोघंही बाहेर. 'खात्री नव्हती' म्हणावं तर त्या पोराची बरगडी निळी पडली आहे. ऑफिसात सॉफ्टवेअर तपासतो मी, पुराव्याशिवाय कुणाची चूक मांडू देत नाही. आता माझाच पुरावा माझ्या घरात वरणभात खातोय.

मंगळवार, १० फेब्रुवारी

"शनिवारी नक्की काय झालं गं?"
"नथिंग, बाबा." मान वर केली नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

अहवाल पाठवला. 'चेंडूची दिशा आणि तिसऱ्या डावातला प्रसंग यांवरून माझी खात्री झाली.' चार वेळा वाचला. एकही शब्द खोटा नाही. एक शब्द कमी आहे. बायकोला, वल्लरीला, दाखवला तर म्हणाली, "बरोबर लिहिलंयस की, मग चेहरा का असा?" मी लॅपटॉप मिटला. मला स्वतःची लाज वाटते आहे.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

बंदी कायम.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज अंपायर दुसरा होता. मलाकाई जँडल, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून कुंपणाबाहेर उभा, शेजारी त्याची आई. तिनं मला 'किया ओरा' म्हटलं, माओरीतला नमस्कार. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

निवडवाले सात डाव वही घेऊन बसले होते. अनुष्का उत्तम खेळली. नव्या पिचरला बोटांनी खुणा करत होती, मराठी एक शब्द नाही. आई घरी येताना म्हणाली, "चारू, पोरीची आज दातखीळ का बसली होती?" मी गाडी चालवत राहिलो. मागच्या सीटवर अनुष्का खिडकीबाहेर बघत होती.

रविवार, १५ फेब्रुवारी

अनुष्काची निवड झाली. मेल मोठ्यानं वाचून दाखवला. आईनं साखर द्यायला हात डब्याकडे नेला तेवढ्यात अनुष्का म्हणाली, "बाबा, मलाकाईला मी सांगितलं होतं. तू ऐकलंस."

बारा वर्षांत तिची पहिली अख्खी मराठी वाक्यं. बूट घालूनच आली होती. मलाकाईचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. ती दारात थांबली आहे, मी गाळलेला शब्द लिहायला अहवालाची प्रत शोधतोय.