पुलीवरची पांढरी खूण

मायदेलिन पोरी,

गाडी सुरू करत बसू नकोस, होणार नाही. डिस्ट्रिब्युटरमधला, इंजिनात ठिणगी वाटणारा रोटर मी काढून घेतलाय. शिव्या घाल हवं तर. माझ्या नातीला, लिसेतला, आज चालत शाळेत सोड, आणि रेल्वेचं फाटक ओलांडताना तिचा हात धर.

काल गाडी ऐन रुळांवर बंद पडली, आणि घरी येऊन तू पेट्रोलच्या नावाने ओरडलीस. पेट्रोल चांगलंच होतं. ठिणगीच्या पॉइंटमधली फट मी नेहमीसारखी काडेपेटीचा पुठ्ठा सरकवून लावली होती; बोटांना ते अजून जमतं. पण ठिणगी नेमकी कधी पडायची, त्या टायमिंगला डोळे लागतात. इंजिनच्या पुलीवर, त्या फिरत्या चाकावर, तुझ्या आईने नेलपॉलिशने केलेली पांढरी खूण आहे ना, ती शेजारच्या काट्यासमोर आली की ठिणगी पडायला हवी.

रोटर जाता जाता गॅरेजवाल्या रामोनकडे देतो. टायमिंग तो नव्याने लावेल. तोवर गाडीला हात लावू नकोस.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात चाललोय. मागे येऊ नकोस. दोन महिने झाले, मला ती खूण एक नाही, दोन दिसतात. काल त्यातली एक मी अंदाजाने धरली आणि तुम्हा दोघींना म्हणालो, "जा, बिनधास्त जा."

बाबा