हातचे दोन

३ फेब्रु., सोम.
सरांचं आज पुन्हा तेच. "मॅडम, सारी दुनिया दो में चल रही है, आप चार में क्यों उलझी हो? इससे हासिल क्या?" शून्य-एकवर जग चालतं हे मलाही ठाऊक आहे. पण एकाच तारेवर ०, १, २, ३ असे चारही आकडे गेले तर निम्म्या तारांत काम होतं. पुढच्या सोमवारपर्यंत गुणाकार बरोबर आला नाही तर पीएच.डी.चा विषय बदला म्हणाले. नाही बदलत, जा!

५ फेब्रु.
एकेक तार काढत बसायचं नाही. आपण नुसतं गणित लिहून द्यायचं, त्याचं सर्किट कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम बनवेल. एका अंकाच्या गुणाकाराचा ठोकळा मी लिहिला, पुढची जोडणी अनघाकडे. पोरगी नवीन, साताऱ्याची, चटपटीत. माझ्या मराठीला हसते. "ताई, 'मी येऊन राहिले' काय म्हणता हो?" हसू दे.

६ फेब्रु.
सत्यानाश. सर्किट म्हणतं, तीन त्रिक सहा! अनघावर उगाच खेकसले. तोंड एवढंसं झालं तिचं. वाईट वाटलं, मग फ्रीगंजच्या बाजारात नेऊन कचोरी खाऊ घातली. खाता खाता म्हणते, "आणि ताई, बे त्रिक नऊ येताहेत." कचोरी तशीच टाकून परत लॅबमध्ये.

७ फेब्रु.
सापडलं! चाराच्या हिशेबात नऊ म्हणजे दोन चोक वर एक. एक मांडायचा, हातचे दोन. सहा म्हणजे एक चोक वर दोन. अंक उलटे बसले की नवाचे सहा, सहाचे नऊ.
उलटे का बसले, तर हातच्याच्या तारेला मी नाव दिलेलं 'हासिल'. हिंदी शाळा माझी, बेरजेत आम्ही 'हासिल एक' म्हणायचो. अनघा म्हणे, "अहो, हासिल म्हणजे आपलं हशील, फळ ना? मी उत्तराची तार म्हणून जोडली." हसून हसून पोट दुखलं. तारेचं नाव आता 'हातचा'. तीन त्रिक नऊ. अगदी रडूच आलं.

१० फेब्रु., सोम.
सर आले. एका अंकाचे गुणाकार सगळे बरोबर. तरी, "इतने दिन में हासिल क्या हुआ, मॅडम?"
तोंडातून निघून गेलं, "तीन तिया नौ में? हासिल दो, सर."
अनघा खोकत बाहेर पळाली. सर हसले नाहीत. खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले, एकेक गुणाकार स्वतः तपासला. मग, "ठीक है. कल मैं अपने नंबर लाऊँगा. बड़े वाले."
मोठे आकडे अजून चालवलेलेच नाहीत. आणू देत.