न्यूटनचं पान आणि रुसलेला कावळा

मु. मालगुंड

चि. दर्शन यास आईचे आशीर्वाद. सर्वपित्रीला येतो म्हणालास आणि विसरलास. लहानपणी शाळेत चपला विसरायचास, आता बापाला विसरलास, म्हणजे वयाबरोबर प्रगती आहे. सूनबाईचा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत. तू पाठवलेली खारी आठ दिवसांत संपली म्हणून फोनवर रागावलास. म्हाताऱ्या माणसाला भूक लागते, एवढं सांगून तो विषय मिटवते. पत्र तुझी लेक लिहिते आहे. (स्वतःबद्दलचं गाळू नको गो मृणाली, सांगते ते सगळं लिही.)

तर परवाची गोष्ट. मृणालीने ओटीच्या भिंतीवर चार शास्त्रज्ञांचे फोटो लावलेत. तुझ्या बाबांच्या फोटोला मी फूल वाहते तेव्हा त्यांनाही एकेक वाहते. आता जी माणसं मयत आहेत आणि आपल्याच भिंतीवर राहतात, त्यांना पितरांच्या दिवशी उपाशी ठेवायचं? म्हणून घरापुढच्या खळ्यात दोन पानं मांडली, एक बाबांचं, एक त्या चौघांचं. (मृणाली म्हणते, ते आपले पितर नव्हेत. मग आपल्या घरात काय करतात, ते सांगत नाही.) तुझा दादूकाका वड्यांकडे बघत म्हणाला, "वहिनी, ह्या परक्यांनी आपल्यासाठी केलं काय?"

त्याला म्हटलं, ऐका भावोजी. तो केसाळ न्यूटन. नारळ खाली पडतो आणि चंद्र वर फिरत राहतो, ते दोन्ही एकाच ओढीने, हे त्याने गणित मांडून दाखवलं. आपण जन्मभर माडाखाली वावरलो, आपल्याला फक्त डोकं वाचवायचं सुचलं. तो विस्कटलेला आइनस्टाइन. मासेमारीला जाणाऱ्या नितेशच्या होडीतलं यंत्र आभाळातल्या उपग्रहांना विचारून वाट दाखवतं. वरचं घड्याळ आणि खालचं घड्याळ सारखं चालत नाही हे त्याने सांगितलं नसतं, तर नितेश मालगुंडला निघून गुहागरला लागला असता. तो रामानुजन, कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत नापास. (तू गणितासकट झालास, तरी आम्ही तुला जेवू घातलंच.) त्याची गणितं सोडवायला मोठमोठे लोक अजून बसलेत म्हणे. आणि ती काळ्या झग्यातली मेरी क्युरी. तिच्या गावच्या विद्यापीठात बायकांना घेत नव्हते, म्हणून परमुलखात जाऊन शिकली आणि दोनदा नोबेल घेतलं. हे सगळं मला मृणालीने भाकऱ्या भाजताना शिकवलंय. भाकऱ्या करपतात, पण शिकवते चांगलं.

आणि ह्याच पोरीचं पुण्याला एम.एस्सी.ला नाव लागलं, तर तू म्हणतोस, दादूकाका सांगेल तसं! दादूकाकाने तर तिला पतपेढीत नोकरी ठरवून ठेवलेली.

पानं मांडली, पण कावळा शिवेना. समोर फणसावर बसून नुसता मान वाकडी करून बघतोय. मी काठी टेकून उभी. दादूकाकाने बाबांना सांगितलं, माडांच्या आगराचं कुंपण घालतो. कावळा ढिम्म. मग म्हणाला, दर्शन पुढच्या वर्षी नक्की येईल. ह्यावर तर कावळ्याने पाठच फिरवली. दीड वाजला. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, आणि दादूकाकाला उपास कधी सोसला? शेवटी मी म्हटलं, भावोजी, दुसऱ्या पानावरच्या मंडळींची काही इच्छा राहिली असेल. तो ओरडला, "जाऊ दे तिला पुण्याला! शिकू दे काय शिकायचं ते! मी शब्द देतो!" मी हुश्श करून काठी ठेवली, पायरीवर टेकले, आणि कावळा झेपावला तो थेट न्यूटनच्या वड्यावर. चार घरची माणसं साक्षीला होती.

तेव्हा दादूकाकाने सांगितलंय आणि पितरांनी मान्य केलंय. वसतिगृहाचा फॉर्म सोबत आहे, बापाची सही लागते. सोमवार शेवटचा दिवस. पत्र घेऊन आलेल्या नितेशच्याच हाती सही करून परत पाठव. हे विसरलास, तर पुढची सर्वपित्री तुझ्या घरी येऊन करीन.

तुझी आई

ता. क. (हे अक्षर शेजारच्या गोदूबाईचं, मृणाली विहिरीवर गेलीय.) तिला सांगू नको, आणि दादूकाकाला तर मुळीच नको. तो कावळा माझाच आहे. चैत्रापासून रोज पायरीवर बसून त्याला भरवते. काठीला मात्र घाबरतो. हातात असली की फणसावरून उतरत नाही. गोदूबाई म्हणते हे पाप आहे. मी म्हटलं, चाचणी घेऊन बघणं ह्याला मृणालीच्या पुस्तकात प्रयोग म्हणतात.

दुसरी ता. क. फॉर्मबरोबर खारीचे दोन पुडे पाठव. एक माझा, चहात बुडवायला. दुसरा जरा कडक भाजलेला बघ. कावळा मऊ खात नाही.